घशातला दिवा आणि चांगुणाची मान

मित्रांनो, माझं खरं नाव घेताना तुमची जीभ अडखळेल. अडखळली तर अडखळू दे. जिभेला अलगद बाजूला सारणं हेच तर माझं काम! मी लॅरिंगोस्कोप. भूल देणारे डॉक्टर ज्यानं घशात डोकावतात ते हत्यार. पण नगरहून भिंगारकडे जाताना लागणाऱ्या ज्या लहानशा मिशन दवाखान्यात माझी उमर गेली, तिथं मला या नावानं कुणी हाक मारली नाही. माझी मूठ टॉर्चसारखी, आत दोन सेल. मुठीला बिजागरीनं जोडलेलं वाकडं पोलादी पातं, आणि पात्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढा दिवा. पातं मिटलं की अंधार, उघडलं की लख्ख. ऑपरेशनच्या खोलीत काम करणाऱ्या अब्राहाममामांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं आणि म्हणाले, "अरे, हा तर बत्तीचा विळा!" झालं. तेव्हापासून मी विळाच.

माझा जन्म फार लांबचा. बोटीतून, भुशाच्या खोक्यातून मी आलो. कुठून आलो ते मला फारसं आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर आठवावंसंही वाटत नाही. माझं सगळं आयुष्य इथलं.

तुम्हाला कधी प्रश्न पडलाय का, ऑपरेशनसाठी माणसाला गाढ झोपवतात तेव्हा त्याचा श्वास कोण सांभाळतं? तुम्ही-आम्ही रात्री झोपतो ती झोप वेगळी. भुलीच्या झोपेत अंग इतकं सैल पडतं, की जीभसुद्धा मागे घसरते आणि आडाच्या तोंडावर ओलं पोतं पडावं तशी घशावर पडते. शिवाय घशात दोन वाटा. एक पोटाकडे, एक फुप्फुसांकडे. श्वासाच्या वाटेच्या तोंडाशी दोन पांढऱ्या पट्ट्या असतात, दोन फळ्यांच्या दारासारख्या. श्वास घेतला की उघडतात. त्या दारातून रबराची नळी आत सरकवली, की मग जीभ कितीही घसरो, वारा येत-जात राहतो.

ते दार दाखवायचं काम माझं. डॉक्टर पेशंटचं डोकं मागे कलवायचे, हनुवटी वर करायचे, उंच फांदीवरच्या फुलाचा वास घेताना आपण करतो ना, तशी. मग मी तोंडात शिरायचो, जीभ डावीकडे सारायचो, वर उचलायचो, आणि माझ्या उजेडात ते दार दिसायचं. मित्रांनो, किती लोकांनी असं दार पाहिलं असेल? मी रोज पाहायचो. मला त्याचा गर्व होता, लपवत नाही. डॉक्टर दयाबाई मला पुसून ठेवताना म्हणायच्या, "तू नसतास तर आम्ही आंधळेच." मी मनातल्या मनात फुगायचो.

या दयाबाई म्हणजे आमच्याकडच्या भुलीच्या डॉक्टर. वयानं तरुण, बोलायला मऊ, आणि मला नेहमी पांढऱ्या कोटाच्या खिशात घेऊन फिरायच्या. म्हणूनच चांगुणा पहिल्यांदा आली तेव्हा मी तिथं होतो.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. खर्ड्याहून एक बाई एस.टी.नं आली. छबूबाई तिचं नाव. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. त्या मुलीची चाल मी खिशातून पाहिली. तिनं दोन्ही हातांनी स्वतःची हनुवटी धरली होती. डोक्यावर भरला हंडा असावा आणि थेंबही सांडू नये, तशी ती चालत होती. पण डोक्यावर काहीच नव्हतं. ती आपलं डोकंच सावरत होती.

"बसताना, उठताना, कूस बदलताना, असंच धरती," छबूबाई सांगू लागल्या. "मानंला हात लावू दीत न्हाई. बाजूला ही गाठ आली. आन आता हातातली भाकर खाली पडती. काल वाटी पडली. मी वरडले तिला, तर म्हनली, आई, मी न्हाई पाडली, ती आपुआपच सुटली."

"गाडीत कशी आणलीत?" दयाबाईंनी विचारलं.

"पुढच्या शिटावर. डोकं माज्या हातात. डायवरला म्हनलं, दादा, खड्डा यायच्या आदी सांगायचं. त्यो बिचारा जामखेडपातूर 'आला, आला' करीत आला. मागची मानसं हसाया लागली. म्हनलं, हसा."

दयाबाईंसोबत आमचे सर्जन डॉक्टर कृपादान होते. एक्स-रेचा फोटो काढला तेव्हा कळलं, की मानेचा मणका क्षयानं पोखरला आहे. त्यातला पू बाजूला गाठ होऊन साचला आहे, आणि पाठीच्या कण्यातून जी नाजूक दोरी जाते, जिच्यातून हातापायांना हुकूम जातात, ती दोरी दाबली जाते आहे. म्हणून भाकरी सुटते. गाठ उघडून पू काढायला हवा. इंजेक्शनं आणि प्लॅस्टर पुढे चालायचंच होतं. उशीर केला तर हात जातील, मग पाय, मग श्वास.

छबूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग घरच्या वळणाप्रमाणे त्या पटकन म्हणाल्या, "चांगुणे, डॉक्टरीनबाईंच्या पाया पड."

आणि पोर शहाणी! लगेच वाकायला निघाली.

"नको!" दयाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की मी खिशात खडखडलो. दुसऱ्या क्षणी त्या खाली फरशीवर बसल्या होत्या, चांगुणाच्या पायांपाशी, तिचे खांदे धरून. डॉक्टर फरशीवर, पेशंट उभी! छबूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"बाई, आशीर्वाद न वाकताही लागतो," दयाबाई धाप टाकत म्हणाल्या. "हिची मान जोवर बरी होत नाही, तोवर देवापुढंसुद्धा वाकवायची नाही. कळलं ना?"

"चूक झाली माजी. तोंडातनं गेलं."

"चूक कसली? चांगलं वळण आहे. फक्त आत्ता नको."

चांगुणाला वाळूच्या पिशव्या दोन्ही कानांशी लावून खाटेवर सरळ निजवलं. दयाबाई तिच्या उशाशी बसून तिचं तोंड उघडायला लावत होत्या, नाकपुड्या पाहत होत्या. छबूबाई खाटेशी बसून त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. त्या बाईचं सगळं लक्ष लेकीवर. ती जरा खोकली की यांचा हात आपोआप पुढे. मग एकदम म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई, एक इचारू? जागी हाय तवर ती सोताच मान धरती. तुमी निजवल्यावर कोन धरनार?"

"मलाही तेच कोडं पडलंय, छबूबाई," दयाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, हे कोडं तुम्हीही समजून घ्या. आजारी मणक्याभोवतीचे स्नायू ताठ होऊन पहारा देत असतात. म्हणून चांगुणाची मान लाकडासारखी ताठ होती. दुखणंच तिची राखण करत होतं. भूल दिली की दुखणं झोपतं, आणि पहारेकरीही झोपतो. मग पोखरलेल्या मणक्यावर डोकं नुसतं ठेवलेलं. त्यात माझ्यासारखा कुणी आला, डोकं मागे कलवलं, जीभ वर उचलली, तर ती आतली दोरी चिमटायला वेळ लागणार नाही.

हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. म्हणजे ज्या कामाचा मला गर्व, तेच काम इथं घातक!

"अब्राहाममामा धरतील," दयाबाई छबूबाईंना म्हणाल्या. "ते फक्त मान धरतील. बाकी काही करणार नाहीत."

पिशव्या लावून पायथ्याशी उभ्या असलेल्या अब्राहाममामांकडे छबूबाईंनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ह्यांच्या मिशा थरथरत्यात. हात बी थरथरत असतील."

मामा खो खो हसले. "बाई, मिशा माझ्या बायकोच्या भीतीनं थरथरतात. हात माझे आहेत. मी शिंग धरलं, की बैल शेपूटसुद्धा मला विचारून हलवतो."

"बैलाचं सोडा. माजी एकच हाय."

मामांचं हसू विरलं. ते म्हणाले, "म्हणून तर. मी नजर वर उचलणार नाही, बाई. छप्पर पडलं तरी नाही."

आणि नळी? ती नाकातून घालायची असं दयाबाईंनी ठरवलं. तांबड्या रबराची, मुळातच जराशी वाकडी नळी. चांगुणा ईथरच्या वासानं झोपेल, पण श्वास तिचा तिलाच घेऊ द्यायचा. नळीला कान लावायचा. नळी श्वासाच्या दाराजवळ गेली, की आवाज मोठा होतो. वाट चुकली की बंद. आवाजाच्या मागोमाग जायचं. डोकं जिथल्या तिथं. म्हणजे डोळ्यांऐवजी कान. माझी गरजच नाही.

"विळा उघडून हाताशी ठेवा, सिस्टर. अगदीच अडलं तर," दयाबाई नर्सला म्हणाल्या. अगदीच अडलं तर! मी कधी कुणाचा 'अडलं तर' नव्हतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, श्वास नीट ऐकू यावा म्हणून, खोलीतला पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. नर्स मरिया सिस्टरांनी मला ट्रेमध्ये उघडून ठेवलं. माझा दिवा उगाचच छताकडे उजेड टाकत होता. चांगुणाला वाळूच्या पिशव्यांसकट उचलून मेजावर घेतलं. मामा कडेला उभे राहिले. कोपरं मेजावर टेकवली, आणि दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवले.

"मामा, तुमच्या हाताला तंबाखूचा वास येतो," चांगुणा म्हणाली.

"आत्ता बघ, त्याहून घाण वास येणार आहे," मामा म्हणाले, आणि दयाबाईंनी ईथरचा मुखवटा तिच्या तोंडावर धरला.

पोर हळूहळू झोपली. तिची बोटं सैल झाली. खांदे सैल झाले. आणि मग ती लाकडी मान, इतके महिने ताठ राहिलेली, एका क्षणी मऊ पडली. मामांना ते तळव्यांत कळलं.

"आलं वजन," ते पुटपुटले.

दारापाशी नळावर डॉक्टर कृपादान हात धूत होते. "झाली का?" त्यांनी विचारलं. मरिया सिस्टर नेहमी बोलायच्या तसंच खणखणीत बोलल्या. आमच्या खोलीतला रोजचाच शब्द होता तो. पेशंटला भूल चढली, अंग सैल पडलं, की आम्ही असंच म्हणायचो.

"हो डॉक्टर! पोरीनं मान टाकली!"

मित्रांनो, तुम्ही मराठीच आहात. 'मान टाकली' याचा अर्थ तुमच्या घरात काय होतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. वासरानं मान टाकली. आजारी म्हातारीनं मान टाकली. दाराबाहेरच्या बाकावर छबूबाई बसल्या होत्या.

जो हंबरडा फुटला, तो मी अजून विसरलो नाही. दार धाडकन उघडलं. "माजी चांगुणा! काय केलं गं माज्या लेकीचं!" डॉक्टर कृपादान आडवे आले, पण धुतलेल्या हातांनी कुणाला शिवता येत नाही, म्हणून दोन्ही हात वर धरून नुसते कोपरांनी वाट अडवू लागले. "बाई, जिवंत आहे! अहो, जिवंत आहे ती!" पण वर हात केलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मरिया सिस्टरांची मान वळली. ट्रे हलला, आणि मीही वळलो.

वळले नाहीत ते फक्त मामांचे हात. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला, तरी त्यांनी पापणीसुद्धा झटकली नाही. आणि दयाबाई. त्या नळी नाकपुडीत सरकवत होत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. त्यांचा आवाजही चढला नाही.

"छबूबाई. मला चांगुणाचा श्वास ऐकायचाय. तुमच्या रडण्यात तो मला ऐकू येत नाही. तुम्हीही ऐका."

छबूबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

खोली इतकी शांत झाली, की बाहेर रस्त्यावरच्या टांग्याची घुंगरं ऐकू आली. मग तीही लांब गेली. आणि मग नळीच्या तोंडातून आवाज आला. सुं... सुं... लोहाराचा भाता लांबून ऐकावा तसा.

छबूबाईंचे डोळे मोठे झाले.

नळी थोडी पुढे सरकली. आवाज वाढला. अजून थोडी पुढे, आणि एकदम बंद. काहीच नाही. नळी अन्नाच्या वाटेला गेली होती. आम्हाला ते माहीत होतं. छबूबाईंना कुठून माहीत असणार? त्या दाराच्या चौकटीला धरून तशाच उभ्या राहिल्या. पदर दातांत. ओरडल्या नाहीत.

दयाबाईंनी नळी जराशी मागे घेतली. सुं... आवाज परत आला. त्यांनी बोटांनी गळा किंचित बाजूला केला, नळीला थोडा पीळ दिला, पुन्हा पुढे. पुन्हा बंद.

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटलेलाच होतो. त्यांचा हात माझ्या दिशेनं निघाला. घे मला, मी मनात म्हणालो. एका क्षणात दार दाखवतो. थोडंसंच उचलेन. अगदी थोडंसं. मित्रांनो, ज्याला एक काम फार छान येतं ना, त्याला ते काम न करणं सगळ्यात कठीण जातं.

त्यांचा हात ट्रेच्या कडेपाशी थांबला. त्यांनी मामांच्या हातांकडे पाहिलं, त्या हातांमधल्या लहानशा चेहऱ्याकडे पाहिलं. आणि हात मागे घेतला.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या. "कानानंच."

नळी मागे आली. सुं. त्यांनी नळीशी कान नेला आणि डोळे मिटून घेतले. श्वास आत जायची वाट पाहिली. आवाज वाढला, अजून वाढला, आणि चांगुणानं पुढचा श्वास घेतला त्याच वेळी नळी पुढे सरकली. चांगुणा एकदा खोकली. मग नळीतून सणसणीत वारा आला, थेट दयाबाईंच्या गालावर.

"वाजतंय!" दारातून छबूबाई म्हणाल्या. "डॉक्टरीनबाई, वाजतंय की!"

"वाजतंय," दयाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नळी चिकटपट्टीनं चांगुणाच्या नाकाशी पक्की केली.

मरिया सिस्टर छबूबाईंना बाहेर घेऊन गेल्या. माझ्या कानावर दारापलीकडून येत होतं. "बाई, आमच्याकडं मान टाकली म्हणजे नुसती झोप लागली. अंग सैल झालं म्हणून म्हणतात."

"आन आमच्याकडं मान टाकली म्हंजी तिरडी बांदत्यात! सिस्टर, तो तुमचा इळा हाय ना, काम नसलं की मिटून ठिवायचा? तसं तोंड बी मिटून ठिवत जावा."

मरिया सिस्टरांना हसू आणि रडू एकदमच आलं. त्या दिवसापासून आमच्या खोलीत कुणी 'मान टाकली' म्हणालं नाही. 'निजली' म्हणायचं, असं ठरलं. नवा माणूस कामाला आला, की मामा त्याला आधी हा शब्द शिकवत.

डॉक्टर कृपादानांनी गाठ उघडली, पू काढला, मणका साफ केला. सगळं होईपर्यंत मामांनी हात सोडले नाहीत. चांगुणाला जाग यायला लागली. नळी निघाली. आता खरा प्रश्न होता, आणि तो विचारायची कुणाची छाती होत नव्हती. मामांनीच आपलं बोट तिच्या तळव्यात ठेवलं. "धर गं."

काही झालं नाही.

"चांगुणा, धर."

तिची बोटं हळूच मिटली. दुबळी होती, पण मिटली. पायांचे अंगठेही हलले. "तंबाखू," ती बारीक आवाजात पुटपुटली, आणि मामा पहिल्यांदा मान फिरवून भिंतीकडे बघत राहिले.

पुढे बरेच महिने ती छातीपासून हनुवटीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होती. दयाबाई रोज तिच्या हातात एक भाजलेला शेंगदाणा ठेवायच्या. आधी तो पडायचा. मग धरता येऊ लागला. मग तोंडापर्यंत जाऊ लागला. एक दिवस ती म्हणाली, "एकच का रोज? तुमच्याकडं बी दुष्काळ पडला का?"

त्यावर सगळे हसले. आणि पुढच्या वर्षी दुष्काळ खरंच पडला.

मलाही त्या दुष्काळानं म्हातारं केलं. नवे सेल मिळेनात. माझ्या बिजागरीत किटण चढलं. दिवा मधेच लागायचा, मधेच विझायचा. मग चकचकीत नवा लॅरिंगोस्कोप आला, आणि मी काचेच्या कपाटात खालच्या फळीवर गेलो. एकदा कुणीतरी माझे सेल काढून रेडिओत घातले. सांगू का, त्याचं वाईट वाटलं. पण कपाटात पडल्या पडल्या विचार करायला वेळ खूप असतो. किती घसे मी पाहिले, सगळे आता एकमेकांत मिसळून गेलेत. न पाहिलेला एक घसा मात्र लख्ख आठवतो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मी न केलेलं काम आहे.

मित्रांनो, मी तुमच्याकडं थोडंच मागतो. मानेला जपा. केस कापून झाल्यावर मान कडाकडा मोडून घेऊ नका. कुणी झाडावरून, बैलगाडीवरून, विहिरीच्या काठावरून पडलं, तर धावत जाऊन त्याला बगलेत धरून बसवू नका. प्रेमानंसुद्धा नको. एकानं डोकं दोन्ही बाजूंनी धरून तसंच ठेवावं, बाकीच्यांनी सरळ फळी आणावी. उचलण्याआधी विचारा, "मान कोन धरनार?" आणि हो, दवाखान्याचे सेल रेडिओत घालू नका.

दुष्काळ सरता सरता छबूबाई चांगुणाला घेऊन आल्या. त्या वर्षी गावातल्या साऱ्या मुली डोक्यावर हंडे वाहत होत्या. चांगुणा कळशी कमरेवर आणायची. छबूबाई साऱ्या आळीशी भांडल्या होत्या, "माज्या पोरीच्या डोक्यावर फुलाची पाकळी बी ठिवायची न्हाई." मणके बरे होताना एकमेकांना चिकटले होते. मान आता दुखत नव्हती, पण खालीही वाकत नव्हती.

दयाबाई समोर आल्या. छबूबाईंच्या ओठांवर 'पाया पड' हे जुनं वाक्य आलं, मी कपाटातून पाहिलं, आणि त्यांनी ते गिळलं. चांगुणानं आईकडे पाहिलं. मग तिनं दोन्ही हात जोडले. हनुवटी धरण्यातून मोकळे झालेले ते हात. तिची सगळी बोटं घट्ट जुळलेली होती, एकही सैल नव्हतं.

मोठी माणसं मुलांना सांगतात, ताठ मानेनं जगा. चांगुणा तशीच उभी होती.